अकरा जणांची मंडळी

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट आमच्याकडे बहुतेक घरांत पाठ असतो. गालीलातला डोंगर, मरणातून उठलेला येशू आणि जाण्यापूर्वी त्याने दिलेली आज्ञा: जगभरच्या लोकांत जा, त्यांना माझे शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, मी तुम्हाला शिकवले तसे वागायला त्यांना शिकवा. मंडळीच्या वर्धापनदिनाला, नव्या पाळकांच्या दीक्षाविधीला हाच शास्त्रपाठ वाचतात. आज्ञेपाशी आल्यावर वाचणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. त्यामुळे तिच्या आधीचा मजकूर कानावरून नुसता निघून जातो. त्या मजकुरात मत्तयाने दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. डोंगरावर पोचलेले शिष्य अकरा होते. बाराव्याची जागा रिकामी होती. आणि येशूला समोर पाहून त्यांनी नमन केले, तेव्हासुद्धा त्यांच्यातल्या काहींच्या मनातला संशय गेलेला नव्हता.

येशूने त्या संशयी माणसांना बाजूला काढले नाही. आधी मन स्वच्छ करून या, मग बोलू, असेही म्हणाला नाही. आज्ञा दिली ती सगळ्यांना मिळून. म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे मूळ काम ज्यांच्यावर सोपवले गेले ती माणसे पहिल्या दिवसापासून अपुरी होती, संख्येनेही आणि विश्वासानेही. मी नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत वाढलो, आजही तिथेच उपासनेला जातो, आणि वय वाढत गेले तसा मत्तयाच्या या नोंदीचा मला आधार वाटत आला आहे. रविवारी बाकांवर येऊन बसणारी माणसे मला ठाऊक आहेत. कुणाचे उसाचे बिल कारखान्याकडे अडकलेले असते, कुणाचा घराच्या वाटणीवरून भावाशी अबोला असतो, कुणाची मुलगी पुन्हा एकदा स्पर्धा परीक्षेला बसलेली असते. ते काम यांच्याच हाती आहे. ते करायला दुसरे कुणी येणार नाही.

आमच्या मुलखात हे काम समुद्रावरून आले. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मुंबई बंदरात उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. परत जाण्याचे हुकूम निघाले, अर्जविनंत्या झाल्या, आणि अखेर त्यांना राहू दिले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून जे काम नावारूपाला आले त्याची ही सुरुवात. हॉल मराठी शिकला. त्याने शाळा काढल्या, भाषांतरे केली, बाजारात उभा राहून भेटेल त्याच्याशी बोलत राहिला. तेरा वर्षे तो बोलला, आणि त्याचे ऐकून ख्रिस्ताकडे वळलेली माणसे जवळजवळ नव्हतीच. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फिरतीवर असताना एका खेड्यात तो रात्रीच्या मुक्कामाला थांबला. त्या भागात पटकीची साथ होती. पहाटे निघता निघता त्याला जवळच पडलेली दोन आजारी माणसे दिसली. पिशवीत उरलेले औषध बहुतेक सगळे त्याने त्यांना देऊन टाकले. थोड्याच वेळात त्याला स्वतःला पटकी झाली आणि त्याच दिवशी तो गेला.

त्याच्या मागे राहिलेल्या सोबत्यांनी अमेरिकेला पत्र लिहिताना या तेरा वर्षांचा हिशेब कसा मांडला असेल, असा विचार मी पुष्कळदा करतो. वहीत लिहिण्यासारखे फार थोडे होते. पण मंडळीच्या इतिहासाचे पहिले पान म्हणून मी लेकरांना हेच सांगतो. ज्याला आपण शिकवायला आलो त्याच्यासाठी आपले औषध संपवणे हा शिकवण्याचाच भाग आहे, हे त्या पहाटे त्याला वेगळे कुणी सांगावे लागले नाही.

नगरला मिशनची माणसे आली ती १८३१ च्या अखेरीस. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी हे तिघे, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचा ब्राह्मण, जो थोड्याच काळापूर्वी ख्रिस्ती झाला होता. काही महिन्यांत हर्वी पटकीने दगावला. शहरात आंधळ्या, पांगळ्या, निराधार माणसांसाठी एक आश्रयस्थान होते, तिथे हे लोक जाऊ लागले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी उभी राहिली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या सभासदांत त्या आश्रयस्थानातली माणसे होती, आणि बाबाजी मंडळीचा वडील होता. त्याच वर्षी पटकीने त्यालाही नेले.

मी इथे जरा थांबतो, कारण आमच्या पायाचा दगड हा आहे. पेशवाई बुडून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. ब्राह्मणाच्या अंगावर महाराची सावली पडली तरी अंघोळ करायचा तो काळ. त्या काळातल्या नगरात एक ब्राह्मण, आणि ज्यांना गावाने उकिरड्याच्या कडेला टाकले होते ती माणसे, एकाच प्रभुभोजनाला बसली. यापेक्षा मोठा उपदेश आमच्या मंडळीच्या व्यासपीठावरून नंतर कधी झाला असेल असे मला वाटत नाही. आणि हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे की तो उपदेश आम्ही पुरता पचवला नाही. पुढच्या काळात महार-मांग समाजातून हजारो माणसे मंडळीत आली, काही ब्राह्मण-मराठा घराणी आली, आणि जात मागच्या दाराने आत येऊन बसली. आजही लग्न ठरवताना दबक्या आवाजात विचारले जाते, मूळचे कुठले, कोणत्या समाजातले. ज्या दिवशी हा प्रश्न विचारला जातो त्या दिवशी १८३३ चे काम आपण अर्धे सोडलेले असते.

मिशनच्या जुन्या कामात शाळा मुख्य होत्या. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. मुलींना अक्षरे शिकवण्यात पस्तीस वर्षे गेली. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या मुलींच्या शाळा नगरला जाऊन पाहिल्या, आणि पुण्यात मुलींची शाळा काढताना तो अनुभव आपल्या मनात होता, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिस फरार यांच्या कामाचे हे फळ कुठल्याही मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सापडणार नाही. मला त्याची खंत नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी कुठल्या कुठल्या जमिनीवर पडते ते येशूने सांगितले. वाऱ्याने बांधापलीकडे गेलेल्या बियांचे त्याने काही सांगितले नाही, पण तेही त्याच पेरणाऱ्याच्या मुठीतले असते.

१८५४-५५ मध्ये अमेरिकेहून रुफस अँडरसन नगरला पाहणीला आले. मंडळ्यांनी आपला कारभार आपण करावा, आपल्या पाळकाचा पगार आपण द्यावा, आपल्या शेजारपाजारी शुभवर्तमान आपण न्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. अँडरसन यांच्या पाहणीनंतर मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली, त्याचे नुकसान मंडळीने पुढे कित्येक वर्षे सोसले. त्या बाबतीत मला त्यांचा निर्णय पटत नाही. पण मुद्दा त्यांनी अचूक हेरला होता. परक्याच्या पैशावर माणूस नोकर होऊ शकतो, शिष्य होत नाही.

खेड्यापाड्यांत मग मास्तर गेले. महारवाड्यात एक खोली, दिवसा तिथे पोरांची शाळा, रात्री कंदील लावून मोठ्यांची प्रार्थना. मास्तर तिथेच राहायचा, तिथलेच पाणी प्यायचा, लोकांचे तगाईचे अर्ज लिहायचा, साथीच्या दिवसांत मेलेल्यांना खांदा द्यायचा. माझे पणजोबा असे मास्तर होते. त्यांनी किती जणांना बाप्तिस्म्यापर्यंत आणले ते घरात कुणी सांगत नाही. आजी सांगायची ते वेगळेच: गावात कुणाकडे रात्री-अपरात्री पत्र आले की वाचून घ्यायला लोक आमच्याकडे यायचे, आणि दुःखाचे पत्र असले की पणजोबा ते वाचून दाखवण्याआधी त्या माणसाला खाली बसवायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचे. गावाने त्यांचा येशू पाहिला तो असा.

आणि कीर्तन. १८६० नंतरच्या दशकात नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन हाती घेतले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात पुढे. हे सोपे नव्हते. नारदाच्या गादीवर येशूची कथा लावायची, तर बाहेरचे हसणार आणि आतले बिचकणार. पण ज्या लोकांच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या टाळ-मृदंग होता त्यांना ऑर्गनच्या सुरावर विश्वास ठेवायला लावणे हे त्यांच्यावर एक परके ओझे घालणे होते. मी लहानपणी ऐकलेले एक कीर्तन अजून आठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीतला मेळावा, मांडवाच्या खांबांना लिंबाचे डहाळे बांधलेले, पेट्रोमॅक्सची बत्ती सूं करीत जळत होती आणि तिच्याभोवती किडे घिरट्या घालत होते. कीर्तनकार पन्नाशीचे, पांढरा फेटा, खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या. पूर्वरंगात क्षमेवर बोलले. मग बुक्क्याऐवजी नुसता हात कपाळाला लावून त्यांनी उत्तररंगाला उधळ्या पुत्राची कथा घेतली. तो पोरगा दूर देशी गेला तो त्यांच्या कथेत मुंबईला गेला, गिरणीत लागला, पैसा उडवला. परत यायला निघाला तो नेवासे फाट्यावर उतरला. आता घर दोन कोसांवर, पण पाय उचलेना. आणि म्हातारा बाप, रोज संध्याकाळी बांधावर येऊन उभा राहणारा. इथे कीर्तनकारांनी चिपळ्या थांबवल्या. कपाळावर हाताची झापड धरून ते मांडवाच्या टोकाकडे बघत राहिले, इतका वेळ की आम्ही पोरांनी मागे वळून पाहिले, खरेच कुणी येतेय का. मग त्यांनी धोतराचा सोगा उचलला आणि त्या वयात मांडवभर धावले. बाप धावतो, बाया, बाप धावतो, एवढेच म्हणत. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी पदराने तोंड झाकून रडत होती. तिचा मुलगा घर सोडून गेलेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

देव कसा आहे, हे मला त्या रात्री कळले ते नंतर कुठल्याही पुस्तकाने बदलले नाही. पुस्तकांनी त्यात भर घातली.

नारायण वामन टिळकांचे नाव घेतल्याशिवाय नगरच्या ख्रिस्ती माणसाला पुढे जाता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन कवी. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटले. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, पाच वर्षे वेदनेत गेली, आणि १९०० मध्ये त्यांनीही स्वतःच्या मनाने तीच वाट धरली. ती सगळी कथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त अशा भाषेत सांगितली आहे की महाराष्ट्राने ती धर्माच्या पलीकडे जाऊन आपली मानली. मला त्या पुस्तकात सर्वांत जास्त बोलते ते टिळकांचे घर. दार कधी बंद नाही. अनाथ पोरे, विद्यार्थी, कुणी वाट चुकलेला, कुणी नुसता भुकेला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला याच घरात पोरासारखे राहिले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. टिळकांची त्यांच्यावरची माया त्यामुळे तसूभर कमी झाली नाही, आणि टिळकांनी आपली प्रार्थना त्यांच्यापासून लपवलीही नाही. एका ताटात दोन्ही गोष्टी मावत होत्या.

टिळक नगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवत, पुढे १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन करीत. मान होता, पगार होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला: ख्रिस्ताच्या मागे जाऊ इच्छिणाऱ्या सर्वांचा, बाप्तिस्मा झालेल्यांचा आणि न झालेल्यांचाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या माणसाला, त्या पुलावर अजून चालत असलेल्यांना हाक न मारणे कसे जमावे? मंडळीतल्या पुष्कळांना ते रुचले नाही. बाप्तिस्मा प्रभूची आज्ञा आहे, तो ऐच्छिक कसा मानायचा, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. टिळकांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते गेले, आणि दरबार मागे फार टिकला नाही.

दरबार संपला, त्याचा प्रश्न मात्र आमच्या मंडळीच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी जातीच्या दाखल्यावर अवलंबून आहे, तो माणूस येशूवर मनापासून प्रेम करीत असला तरी वहीत नाव लिहायला धजत नाही. असे लोक येतात. गाणी त्यांना पाठ असतात, प्रार्थनेत त्यांचे डोळे ओले होतात, प्रभुभोजनाच्या वेळी ते मान खाली घालून बसून राहतात. त्यांना भेकड म्हणणारे आमच्यात आहेत. मी त्यांच्यात नाही. बाप्तिस्मा मला गौण वाटत नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस होता. पण पोटच्या पोराच्या भाकरीचा आणि विश्वासाचा असा सौदा ज्या कायद्याने एका गरीब माणसापुढे ठेवला आहे, त्या कायद्याला जाब विचारण्याआधी त्या माणसाला विचारणे मला अन्यायाचे वाटते. त्याला बसू द्यावे. शिकवत राहावे. त्याच्याकडून शिकावेही, कारण काही गमावण्याची भीती मनात घेऊन प्रार्थना करणे म्हणजे काय, ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळते.

बाहेरून पाहणाऱ्यांना शिष्य करणे म्हणजे माणसे फोडणे, असे वाटते, आणि आता तसे मोठ्याने बोललेही जाते. ज्यांना तसे वाटते त्यांच्याशी भांडायची मला इच्छा नाही. तांदळाच्या पोत्यावर, नोकरीच्या आशेवर, भीती घालून कुणाला येशूकडे आणता येते असे मानणाऱ्याला येशू कळलेलाच नाही, मग तो आमच्यातला असो की बाहेरचा. श्रीमंत तरुण दुःखी होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, अटी कमी केल्या नाहीत. मार्क लिहितो की त्याने त्या तरुणाकडे प्रेमाने पाहिले. जाणाऱ्याला जाऊ देणे आणि त्याच्यावर माया करणे, दोन्ही एका वेळी.

१९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूरला उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि आमची मंडळी उत्तर भारतीय चर्चमध्ये आली. परदेशी मिशनरी त्याआधीच एकेक करून गेले होते. त्यांच्या मागे बंगले राहिले, कंपाउंड राहिली, चिंचेची मोठमोठी झाडे राहिली, आणि जमिनींचे दावे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत कमिटीच्या सभेत सात-बारा आणि वकिलाच्या फीवर जेवढे बोलले गेले त्याच्या निम्मे जरी मुलांच्या वर्गावर बोलले गेले असते तर आज चित्र वेगळे असते. पायाचे काम विसरलेली मंडळी मालमत्तेची राखणदार होते. तिचे कुलूप मोठे होत जाते.

पण त्याच वर्षांत, कमिटीच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, एक बाई शब्बाथ शाळा चालवीत होत्या. नगरपालिकेच्या शाळेत नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. रविवारी सकाळी उपासनेच्या आधी त्या आम्हाला घेऊन बसायच्या. सुवर्णवचन पाठ म्हटले की एक छोटे रंगीत चित्रकार्ड मिळायचे: मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू, होडीतला येशू, झाडावर चढलेला जक्कय. ती कार्डे मी बिस्किटाच्या डब्यात साठवली होती. पण बाईंचा खरा वर्ग शाळा सुटल्यावर सुरू व्हायचा. त्या आमच्यातल्या एक-दोघांना हाताशी धरून कुणाकडे तरी निघायच्या. आमच्या हातात डबा असायचा, पिठले-भाकरी किंवा मऊ भात. एकदा आम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलो. मंडळीत त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मोठ्यांचे काही जुने भांडण होते. खोलीत कोंदट वास होता, खाटेखाली तांब्या उपडा पडलेला. बाईंनी खिडकी उघडली, तांब्या घासून भरून आणला, मला म्हणाल्या, “बाळ, बाबांना काठी दे बरं हातात.” मी काठी दिली. बाबांनी माझा हातच धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाईंनी प्रार्थना केली ती दोन वाक्यांची. परत येताना मी विचारले, “बाई, हे आपले कोण?” त्या चालता चालताच म्हणाल्या, “आपलेच की रे.”

बाईंनी मला शिष्यत्वावर एकही पाठ दिला नाही. गावोगावच्या बायबलबाया, कंदिलाखाली बाराखडी गिरवून घेणारे मास्तर, धोतराचा सोगा धरून धावणारे कीर्तनकार, या सगळ्यांच्या हातून हे काम पुढे आले आहे; विरजण जसे एका घरातून दुसऱ्या घरात वाटीभर जाते तसे, आणि कुणाच्या घरचे पहिले ते कुणाला सांगता येत नाही. संस्था उभारता येतात, त्या ट्रस्टकडे सोपवता येतात, त्यांना ग्रँट मिळते, ऑडिट होते. एका माणसाने दुसऱ्याला बरोबर घेऊन चालणे कुणाकडे सोपवता येत नाही. येशूने स्वतः तीन वर्षे तेच केले. बारा जणांबरोबर चालला, जेवला, होडीत झोपला, त्यांचे पाय धुतले, आणि तरीही एक गेला आणि काहींचा संशय राहिला.

आमची पोरे आता पुण्याला, चाकणला, रांजणगावला असतात. शिफ्ट असते, रविवार सुटीचा असेलच असे नाही. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी वचन येते, चाळीस जण हात जोडलेले चित्र टाकतात. त्याला मी नावे ठेवत नाही. रात्रपाळीहून आलेल्या एखाद्या पोराला झोपण्याआधी ते वचन दिसत असेल. काही जण शहरातल्या नव्या, मोठ्या मेळाव्यांना जातात, जिथे ड्रम्स आहेत, पडद्यावर गाणी येतात, प्रवचन हिंदीत किंवा इंग्रजीत असते. घरातली मोठी माणसे त्यावरून कुरकुरतात. मला वाटते पोरांना तिथे कुणीतरी नाव घेऊन विचारते, जेवलास का, खोली मिळाली का. आमच्याकडे तेवढे विचारले गेले असते तर त्यांना दूर जावे लागले नसते. ‘उपासना संगीता’तल्या जुन्या गाण्यांवर माझा जीव आहे, मी ती सोडणार नाही, पण एखादे गाणे टिकवण्यासाठी एखादे पोर गमावायला मी तयार नाही.

गेल्या कापणीच्या सणाला एक गोष्ट घडली. सणाला लोक शेतातले पहिले फळ आणतात: बाजरीची कणसे, मेथीच्या जुड्या, अंडी, कोंबडी, उसाची मोळी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या फंडात जातात. एका आजीने टोपलीत सहा अंडी आणली होती. तिच्याकडे शेत नाही, तीन कोंबड्या आहेत. अंड्यांची बोली वीस रुपयांपासून सुरू झाली. शेवटच्या बाकावर बसणारा, वहीत नाव नसलेला एक रिक्षावाला उभा राहिला आणि म्हणाला, “पाचशे.” सगळे वळून बघायला लागले. त्याने पैसे मोजून दिले, टोपली उचलली आणि सरळ आजीजवळ जाऊन तिच्या मांडीवर ठेवली. “आजी, तुमच्या नातीला द्या, परीक्षा आहे ना तिची.” आजीला काय बोलावे सुचेना. पाळकसाहेबांनी पुढची बोली पुकारायला जरा वेळ घेतला.

तो माणूस आता आमच्या घरी बुधवारी संध्याकाळी येतो. त्याला शास्त्र पहिल्यापासून वाचायचे आहे. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे जोडाक्षरांपाशी अडखळतो आणि मग हसतो. त्याच्या बरोबर दृढीकरणाच्या वर्गातले दोघे यायला लागले आहेत. त्यातल्या मुलीने मागच्या बुधवारी सरळ विचारले, “काका, देव आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे का?” मी म्हणालो, “ज्या दिवशी नक्की वाटत नाही त्या दिवशीही मी येतो.” ती म्हणाली, “मग मी पण येते.” आम्ही मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली आहे, कारण ते सर्वांत छोटे आहे आणि त्यात सगळे जण सारखे कुठे ना कुठे चालत असतात. पहिल्या अध्यायात आहोत. येशू जाळी टाकणाऱ्या कोळ्यांपाशी आला आहे. रिक्षावाल्याने विचारले, हाक ऐकून हे लोक निघाले तेव्हा त्यांच्या बापाला होडीत एकट्याला सोडून गेले का? मी सांगितले, होडीत मोलकरी होते, असे मार्क लिहितो. त्याचे समाधान झाले नाही. पुढच्या बुधवारी बापाचेच काय झाले यावर बोलायचे ठरले आहे, आणि भजी त्याने आणायची आहेत.